@बिल्डर लावल्यावर राहून गेलेले फील्ड कोण पकडणार?

कर्जवितरणाच्या एका प्रकल्पात तुमच्याकडे ‘कर्जअर्ज’ नावाचा चौदा फील्डांचा क्लास आहे. त्याचा बिल्डर, म्हणजे एकेक फील्ड नावाने भरून शेवटी वस्तू बनवून देणारा कोड, आजवर हातानेच लिहिलेला होता आणि तो आता दीडशे ओळींच्या पुढे गेला आहे. काम जावा १७ वर चालू असल्यामुळे लोम्बॉक या कोड आपोआप बनवणाऱ्या लायब्ररीचे @बिल्डर हे अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावून ही सगळी खोगीरभरती काढून टाकावी, असे तुम्हाला वाटते. तुमच्या वरिष्ठ सहकाऱ्यांना डोळ्यांना न दिसणारा कोड नको आहे, म्हणून लोम्बॉकही नको आहे. आणि या ओढाताणीतून तोडगा म्हणून स्वतःचे अ‍ॅनोटेशन व स्वतःचा प्रोसेसर (अ‍ॅनोटेशन वाचून कोड बनवणारा प्रोग्राम) लिहावा काय, असे तुम्ही विचारले आहे. बँका आणि विमा कंपन्यांच्या जावा प्रणालींवर काम करताना या तिन्ही वाटांनी मी कधी ना कधी गेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उदाहरणांतली नावे देवनागरीत देत आहे. जावाच्या कम्पायलरला क्लासची आणि फील्डची नावे देवनागरीत चालतात, हे फारसे कोणी वापरत नाही एवढेच.

दीडशे ओळी वाचतील, यात वादच नाही. वाद व्हायला हवा तो एखादे आवश्यक फील्ड भरायचे राहून गेले तर ते कोण पकडणार आणि केव्हा पकडणार, यावर. चौदा पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर (वस्तू एका दमात बनवणारा कोड) वाचायला त्रासदायक असतो, त्यात ‘अर्जदाराचे नाव’ आणि ‘जामीनदाराचे नाव’ या दोन स्ट्रिंग्जची अदलाबदल झाली तर कम्पायलर चकार शब्द काढत नाही, आणि म्हणूनच आपण बिल्डरकडे वळतो. परंतु त्याच कन्स्ट्रक्टरचा एक गुण आपण विसरतो: त्यात पंधरावा पॅरामीटर घातला, की तो जिथे जिथे वापरला आहे ती प्रत्येक जागा लाल होते आणि आपल्याला एकेका जागी जाऊन विचार करावाच लागतो. बिल्डरमध्ये पंधरावे फील्ड घातले तर काहीच होत नाही. सगळे कम्पाइल होते, बिल्ड हिरवी राहते, आणि ते फील्ड नल (म्हणजे रिकामे) किंवा शून्य होऊन पुढे जाते.

हे मी अंगावर घेतलेले आहे. एका कर्जप्रणालीत ‘दंडव्याजदर’ हे फील्ड आम्ही नंतर घातले, प्रकार ठेवला साधा डबल (दशांश संख्या), आणि क्लासवर @बिल्डर होतेच. कर्जखाते तयार करणाऱ्या सात जागांपैकी सहा जागी ते भरले गेले. सातवी जागा म्हणजे जुन्या शाखांकडून येणाऱ्या फाइली वाचणारा रात्रीचा बॅच, तो कोणाच्याच लक्षात आला नाही. फील्ड नल झाले असते तर निदान अपवाद फेकला गेला असता. डबल असल्यामुळे ते शून्य झाले, आणि शून्य टक्के दंडव्याज ही गणिताच्या दृष्टीने अगदी वैध किंमत आहे. महिनाअखेरीची विवरणपत्रे निघाल्यावर शाखेतल्या एका कारकुनाने ते पकडले, आमच्या एकाही चाचणीने नाही. चूक लोम्बॉकची नव्हती, कारण त्याने सांगितलेले तेवढेच केले होते. हाताने लिहिलेल्या बिल्डरमध्येही ती होऊ शकली असती. फरक असा, की हाताने लिहिलेल्या बिल्डरची बिल्ड मेथड समोर दिसते, तिच्यात तपासणीच्या चार ओळी नाहीत हे रिव्ह्यू करणाऱ्याला खटकते, आणि न दिसणाऱ्या मेथडमधली उणीव खटकण्याची सोयच नसते. तुमच्या वरिष्ठांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतके.

आता ‘न दिसणारा’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. अ‍ॅनोटेशन जावात २००४ मध्ये, आवृत्ती ५ बरोबर आले, आणि ते वाचून कम्पाइल होतानाच कोड निर्माण करण्याची प्रमाणित सोय २००६ मध्ये आवृत्ती ६ मध्ये आली. त्या सोयीचा नियम असा आहे, की प्रोसेसर नवी फाइल लिहू शकतो, पण तुमच्या मूळ क्लासला हात लावू शकत नाही. ऑटोव्हॅल्यू, इम्यूटेबल्स आणि रेकॉर्डबिल्डर ही साधने हा नियम पाळतात. त्यामुळे त्यांनी लिहिलेला बिल्डर तुमच्या टार्गेट फोल्डरातल्या जनरेटेड-सोर्सेसमध्ये साध्या जावा फाइलीच्या रूपात पडलेला असतो, तो उघडून वाचता येतो, त्यात ब्रेकपॉइंट लावता येतो. लोम्बॉक हा नियम पाळत नाही. ते कम्पायलरच्या पोटात शिरून तिथल्या अंतर्गत वृक्षात तुमच्या क्लासचीच रचना बदलते. म्हणूनच त्याची लिहिण्याची पद्धत इतकी सुटसुटीत वाटते, आणि म्हणूनच जावाच्या आवृत्त्या बदलल्या की त्याला धक्के बसतात. जावा १६ ने कम्पायलरचे अंतर्गत भाग कुलूपबंद केले तेव्हा जुनी लोम्बॉक आवृत्ती असलेले प्रकल्प कम्पाइल होईनासे झाले, आणि १.१८.२० वर जाईपर्यंत ते अडून राहिले. जावा २३ पासून तर क्लासपाथवर (लायब्ररी शोधण्याच्या वाटेवर) प्रोसेसर नुसता पडलेला आहे म्हणून तो आपोआप चालवला जात नाही. मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्डच्या साधनांत त्याची स्पष्ट नोंद करावी लागते. हा शेवटचा बदल लोम्बॉकपुरता नसून सगळ्याच प्रोसेसरना लागू आहे. आज तुम्ही १७ वर असलात तरी ही नोंद आत्ताच करून ठेवा, नाहीतर पुढच्या अपग्रेडच्या दिवशी ‘सिम्बॉल सापडत नाही’ अशा शेकडो एरर एकदम दिसतील आणि कारण मात्र एकाही एररमध्ये लिहिलेले नसेल.

एवढे असूनही केवळ या कारणासाठी लोम्बॉक टाळावे, असे मी म्हणणार नाही. आवृत्ती वेळेवर वाढवत राहिलात तर त्याचा त्रास वर्षाकाठी एखाद्या दिवसाचा असतो. शिवाय डीलोम्बॉक नावाचे साधन त्याच्याबरोबरच मिळते. ते तुमच्या कोडमधली लोम्बॉकची अ‍ॅनोटेशने काढून त्यांच्या जागी प्रत्यक्ष जावा कोड लिहून देते. वरिष्ठांशी तात्त्विक चर्चा करण्याऐवजी ‘कर्जअर्ज’वर ते चालवून निघालेली फाइल त्यांच्यासमोर ठेवा. न दिसणारा कोड दिसू लागला, की चर्चा पुष्कळदा मुद्द्यावर येते.

आणि मुद्दा हा, की @बिल्डर कुठे लावायचे. बहुतेक जण ते क्लासवर लावतात. तसे केले, आणि क्लासमध्ये दुसरा कोणताही कन्स्ट्रक्टर नसला, तर लोम्बॉक सर्व फील्डे घेणारा एक कन्स्ट्रक्टर स्वतःच बनवते आणि बिल्ड मेथड त्याला बोलावते. त्या कन्स्ट्रक्टरमध्ये तुमचा एकही शब्द नसतो. फील्डवर @नॉननल लावले असेल तर नलची तपासणी तेवढी होते. पण दंडव्याजदरासारख्या साध्या संख्यांना ती लागूच पडत नाही, आणि ‘मुदत बारा महिन्यांपेक्षा कमी असेल तर तारण हवे’ यासारखा दोन फील्डांना मिळून लागणारा नियम तिला सांगताच येत नाही. माझी अनेक वर्षांची सवय अशी आहे, की कन्स्ट्रक्टर स्वतः लिहायचा, तो प्रायव्हेट ठेवायचा, त्यात सगळ्या तपासण्या लिहायच्या, आणि @बिल्डर त्या कन्स्ट्रक्टरवर लावायचे. लोम्बॉकला ते मान्य आहे. मग बिल्डरमध्ये तेवढीच फील्डे येतात जी कन्स्ट्रक्टर मागतो, आणि ‘कर्जअर्ज.बिल्डर().अर्जदार(अ).रक्कम(र).बिल्ड()’ असे कोणी अर्धवट लिहिले, तर तुम्ही लिहिलेली तपासणी त्याला तिथेच अडवते. संख्यांसाठी पॅरामीटर डबलऐवजी बिगडेसिमल किंवा वेष्टित (नल होऊ शकणाऱ्या) प्रकाराचा घ्यावा, म्हणजे ‘भरले नाही’ आणि ‘शून्य भरले’ यांतला भेद शिल्लक राहतो. पैशाच्या बाबतीत डबल मुळात वापरूच नये. आमच्याकडे ते होते, हा वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

तुम्ही जावा १७ वर आहात, त्यामुळे याहूनही स्वच्छ वाट उपलब्ध आहे. जावा १६ पासून पक्के झालेले रेकॉर्ड (न बदलणारी माहिती ठेवणारा क्लासचा प्रकार) घ्या, त्याच्या संक्षिप्त कन्स्ट्रक्टरमध्ये तपासण्या लिहा, आणि वर लोम्बॉकचे @बिल्डर किंवा रेकॉर्डबिल्डर लावा. रेकॉर्ड तयार करण्याची प्रत्येक वाट त्याच्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच जाते, मग वस्तू बिल्डरने बनवलेली असो वा थेट, त्यामुळे तपासणी चुकवून आत शिरायला फट राहत नाही. जेसनवरून येणाऱ्या माहितीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरते. साध्या क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर असेल तर जॅक्सन ही जेसन वाचणारी लायब्ररी त्यातून वस्तू बनवते आणि फील्डे एकेक करून भरते. तुमचा बिल्डर आणि त्यातल्या तपासण्या त्याच्या गावीही नसतात. क्लासच ठेवायचा असेल तर @जॅक्सनाइज्ड लावून जॅक्सनला बिल्डरच्या वाटेने यायला भाग पाडा. रेकॉर्डला जॅक्सन २.१२ पासून मुळातूनच ओळखते.

डिफॉल्ट किमतींचा सापळा मात्र सांगायलाच हवा, कारण तुमच्या क्लासमध्ये ‘स्थिती’ हे फील्ड ‘नवा’ या किमतीने सुरू होते, असे तुम्ही लिहिले आहे. क्लासवर @बिल्डर लावलेत, की फील्डसमोर बरोबरचे चिन्ह देऊन लिहिलेली ती किंमत बिल्डर सरळ दुर्लक्षितो. कम्पायलर एक इशारा देतो, पण ज्या प्रकल्पात आधीच तीनशे इशारे आहेत तिथे तीनशे एकावा कोण वाचतो? त्यावर @बिल्डर.डिफॉल्ट हा उपाय आहे आणि बिल्डरपुरता तो नीट चालतो. परंतु ते लावल्यावर लोम्बॉक ती किंमत फील्डवरून उचलून एका वेगळ्या स्थिर मेथडमध्ये ठेवते, आणि त्याच क्लासमध्ये तुम्ही हाताने लिहिलेला दुसरा कन्स्ट्रक्टर असेल तर त्याच्या वाटेने बनलेल्या वस्तूत ‘स्थिती’ नल निघते, जरी कोड वाचणाऱ्याला समोर ‘नवा’ असे लिहिलेले स्पष्ट दिसत असले तरी. कन्स्ट्रक्टरवर @बिल्डर लावण्याच्या माझ्या पद्धतीत हे डिफॉल्टचे अ‍ॅनोटेशन चालतच नाही. आलेली किंमत नल असेल तर ‘नवा’ धरावे, अशी एक ओळ कन्स्ट्रक्टरमध्येच लिहावी लागते. सुरुवातीला मला ही अडचण वाटली होती. आता ती मला पद्धतीची जमेची बाजू वाटते, कारण डिफॉल्ट कुठून येते हे शोधायला एकच जागा उरते.

‘कर्जअर्ज’ हा डेटाबेसशी जोडलेला एन्टिटी क्लास आहे की नुसता माहिती वाहून नेणारा, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही, आणि पुष्कळ काही त्यावर अवलंबून आहे. एन्टिटी असेल तर रेकॉर्ड बाद, कारण वस्तू डेटाबेसशी जोडणाऱ्या हायबरनेटला रिकामा कन्स्ट्रक्टर आणि बदलता येणारी फील्डे लागतात. मग क्लासवर @बिल्डर आणि @नोआर्ग्सकन्स्ट्रक्टर एकत्र लावले, की लोम्बॉकचा सर्व फील्डांचा कन्स्ट्रक्टर बनत नाही, बिल्ड फुटते, आणि मग जो तो शोधून @ऑलआर्ग्सकन्स्ट्रक्टरही डकवतो. तीन अ‍ॅनोटेशनांची ही उतरंड तुम्ही कुठेही पाहाल. ती चालते, पण तिच्यामुळे वस्तू बनवण्याची तीन दारे उघडी राहतात आणि तिन्हींवर पहारा नसतो.

एन्टिटीवर टूबिल्डर चालू करण्याचा मोह विशेष टाळा. असलेल्या वस्तूची प्रत घेऊन दोन फील्डे बदलण्यासाठी ते सोयीचे असते, आणि एका विमा प्रकल्पात पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी आमच्यातल्या एकाने तेच वापरले: जुनी पॉलिसी घेतली, टूबिल्डर केले, तारखा आणि हप्ता बदलला, बिल्ड केले, सेव्ह केले. कोड वाचताना इतका सरळ दिसत होता, की रिव्ह्यूमध्ये मीच तो मंजूर केला. टूबिल्डरने सर्व फील्डांबरोबर आयडीही उचलला होता. स्प्रिंग डेटाच्या सेव्ह मेथडने आयडी भरलेला पाहून नवी नोंद करण्याऐवजी जुन्याच नोंदीवर बदल केले, आणि नूतनीकरण झालेल्या प्रत्येक पॉलिसीचे मागचे वर्ष पुसले गेले. हिशेब तपासणीच्या तक्त्यांमधून आम्ही ते परत उभे केले, पण त्याला दोन आठवडे लागले. कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमध्ये आयडी घेतलाच नसता, तर तो बिल्डरमध्ये आला नसता आणि प्रतीतही गेला नसता. टूबिल्डरची प्रत वरवरची असते, हेही लक्षात असू द्या: हप्त्यांची यादी दोन्ही वस्तूंत एकच राहते, आणि एकीत घातलेला हप्ता दुसरीत दिसतो. @सिंग्युलर लावले तर बिल्ड मेथड यादी न बदलणारी करून देते आणि हा प्रश्न सुटतो.

वारशाबद्दल थोडक्यात. ‘गृहकर्जअर्ज’ हा ‘कर्जअर्ज’चा उपक्लास असेल आणि दोघांवर साधे @बिल्डर असेल, तर उपक्लासच्या बिल्डरला वरची फील्डे दिसत नाहीत, आणि दोन्हीकडच्या बिल्डर नावाच्या स्थिर मेथड एकमेकींशी भांडतात. @सुपरबिल्डर त्यासाठी आहे; ते साखळीतल्या प्रत्येक क्लासवर लावावे लागते. माझा अनुभव असा, की त्याची गरज वाटली तर आधी वारसाच हवा का, हे पाहावे.

आता वरिष्ठांना लोम्बॉक चालणारच नसेल तर काय? मग इम्यूटेबल्सकडे गांभीर्याने पाहा. त्याचा प्रोसेसर प्रमाणित नियम पाळतो, आणि मी वर मांडलेल्या चिंतेचे उत्तर त्याच्याकडे आधीपासून आहे: प्रत्येक फील्ड आवश्यक धरले जाते, साध्या संख्यासुद्धा ‘भरली की नाही’ म्हणून नोंदवल्या जातात, आणि बिल्ड मेथड राहून गेलेल्या सगळ्या फील्डांची नावे एकाच संदेशात सांगते. दंडव्याजदराचे आमचे प्रकरण इम्यूटेबल्सवर पहिल्याच रात्री, पहिल्याच फाइलीवर फुटले असते. शिवाय त्यात पायऱ्यापायऱ्यांचा बिल्डर बनवण्याची सोय आहे: प्रत्येक आवश्यक फील्डसाठी एक इंटरफेस तयार होतो, एक भरल्याशिवाय पुढचे दिसत नाही, आणि सर्व भरल्याशिवाय बिल्ड ही मेथडच हाती लागत नाही. राहून गेलेले फील्ड पुन्हा कम्पायलर पकडू लागतो, म्हणजे कन्स्ट्रक्टरचा हरवलेला गुण परत मिळतो. किंमत अशी, की भरण्याचा क्रम ठरून जातो आणि चौदा आवश्यक फील्डांसाठी चौदा इंटरफेस जन्माला येतात. पैसे पाठवण्याच्या आदेशासारख्या पाच-सहा फील्डांच्या पण जोखमीच्या क्लाससाठी मी ते आनंदाने वापरले आहे. अर्जासारख्या ऐसपैस क्लासवर ते वापरणाऱ्यांना जाच वाटेल.

स्वतःचा प्रोसेसर लिहू नका. मी एकदा लिहिला होता. पहिला बिल्डर दोन दिवसांत बाहेर पडला, जावापोएट या जावा फाइली लिहून देणाऱ्या लायब्ररीमुळे कोड लिहिण्याचा भाग सोपाही गेला, आणि मला आपण जिंकलो असे वाटले. त्यानंतर कोणी जेनेरिक क्लासवर अ‍ॅनोटेशन लावले, कोणी क्लासच्या आतल्या क्लासवर, कोणी अशा फील्डवर ज्याचा प्रकार दुसऱ्याच प्रोसेसरकडून पुढच्या फेरीत निर्माण होणार होता. ग्रेडलला तो प्रोसेसर ‘आयसोलेटिंग’ (एकेका क्लासपुरता) आहे की ‘अ‍ॅग्रिगेटिंग’ (अनेक क्लास एकत्र पाहणारा) हे सांगितलेले नसल्यामुळे एक ओळ बदलली तरी संपूर्ण मॉड्यूल पुन्हा कम्पाइल होऊ लागले. चुकीच्या वापरावर कम्पायलरने नेमक्या ओळीवर बोट ठेवावे, यासाठीच मला पहिल्या दोन दिवसांहून अधिक वेळ द्यावा लागला. मी तो प्रकल्प सोडल्यावर त्या प्रोसेसरला वाली उरला नाही. तुमच्या संस्थेचा असा एखादा नियम असेल जो कोणत्याच तयार साधनात बसत नाही, तर गोष्ट वेगळी. तुम्ही वर्णन केलेल्या गरजेत असे काही मला दिसले नाही.

थोडे मागे वळून, तुमच्या क्लासपुरते सांगायचे तर मी पुढील क्रमाने जाईन. चौदा फील्डांची यादी कागदावर घ्यावी आणि त्यांतली आवश्यक कोणती, ऐच्छिक कोणती, हे कर्ज विभागातल्या माणसाला विचारून ठरवावे, कारण ते कोड वाचून कळत नाही. घर क्रमांक, रस्ता, गाव आणि पिनकोड ही चार फील्डे तुमच्या यादीत सुटी आहेत. त्यांचे ‘पत्ता’ असे वेगळे रेकॉर्ड झाले, की चौदाची अकरा होतात, आणि जामीनदाराबाबतही तसेच करता येईल. मग उरलेल्यांतली आवश्यक फील्डे चार-पाचच निघाली तर साधा कन्स्ट्रक्टर पुरेल आणि या सगळ्या खटाटोपाची गरजच पडणार नाही. अधिक निघाली, आणि क्लास एन्टिटी नसेल, तर तपासण्या लिहिलेले रेकॉर्ड आणि त्यावर @बिल्डर. एन्टिटी असेल तर हाताने लिहिलेला कन्स्ट्रक्टर, आयडी वगळून, आणि @बिल्डर त्या कन्स्ट्रक्टरवर. हायबरनेटसाठी रिकामा कन्स्ट्रक्टर प्रोटेक्टेड ठेवावा. मॅपस्ट्रक्ट (एका क्लासची माहिती दुसऱ्यात उतरवणारा कोड बनवणारे साधन) वापरत असाल तर लोम्बॉक १.१८.१६ पासून दोघांना जोडणारी एक वेगळी बाइंडिंग लायब्ररी प्रोसेसरच्या यादीत घालावी लागते. ती राहिली तर मॅपस्ट्रक्टला तुमची लोम्बॉकने बनवलेली फील्डे दिसत नाहीत.

कोणतीही वाट घेतलीत तरी दोन चाचण्या त्याच दिवशी लिहा. पहिलीत ‘कर्जअर्ज.बिल्डर().बिल्ड()’ असे काहीही न भरता बोलवा आणि ते अपवाद फेकते याची खात्री करा. दुसरीत सर्व आवश्यक फील्डे भरलेला एक बिल्डर घ्या, एका वेळी एकच फील्ड नल करा, आणि प्रत्येक वेळी अपवादाच्या संदेशात त्याच फील्डचे नाव येते का ते पाहा. चाचणीत हाताने लिहिलेल्या आवश्यक फील्डांच्या यादीवरच विसंबू नका; रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना क्लासची रचना वाचून) कन्स्ट्रक्टरचे पॅरामीटर मोजा आणि ‘आवश्यक’ व ‘ऐच्छिक’ या दोन्ही याद्यांची बेरीज त्या संख्येशी जुळत नसेल तर चाचणी नापास करा. उद्या कोणी पंधरावे फील्ड घातले, की ही चाचणी लाल होईल आणि घालणाऱ्याला ते दोनपैकी कोणत्या यादीत जाते हे ठरवावे लागेल.